बेसिनचा दगडी काउंटर वारंवार गळतो, हलतो, चिरतो: कारण शोधणं, काढणं आणि नवा बसवणं

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. भिंत आणि काउंटर यांच्या सांध्यात सिलिकॉन भरून घेतलं, काही महिने बरं चाललं, आणि मग त्याच कोपऱ्यात पुन्हा काळी रेघ, खालच्या कपाटात कुबट वास, फुगलेला प्लाय. पुन्हा सिलिकॉन, पुन्हा तेच. पुढे कधीतरी बेसिन एका बाजूला झुकतं किंवा त्याच्यासमोरच्या अरुंद पट्टीवर केसाएवढी चीर दिसते, आणि मग दगडच बदलायचं ठरतं. पण दगड बदलूनही वर्षभरात हे सगळं परत होऊ शकतं, कारण यात दगडाचा दोष क्वचितच असतो. दगड ज्यावर टेकलाय ती बैठक आणि सांध्यात भरलेला माल, या दोन ठिकाणी गडबड असते. म्हणून आधी कारण शोधा, मगच पाना-छन्नीला हात लावा.

पाणी नेमकं कुठून येतंय

कपाट रिकामं करा. आतली बाजू, दगडाची खालची बाजू आणि सगळे नळ कोरड्या फडक्याने पुसा, आणि दार रात्रभर उघडं ठेवा. आधीच ओला असलेल्या प्लायवर नवं पाणी आलं की जुनंच मुरतंय, हे ओळखता येत नाही. सकाळी टिश्यू पेपरचे तुकडे करा आणि वेस्ट कपलिंगच्या (बेसिनच्या तळातून पाणी सोडणाऱ्या तोंडाच्या) वरच्या वायसरभोवती, बॉटल ट्रॅपच्या (त्याखालच्या, पाणी धरून वास अडवणाऱ्या बाटलीसारख्या भागाच्या) प्रत्येक चेकनटला, म्हणजे जोड आवळणाऱ्या नटाला, दोन्ही अँगल कॉकना (भिंतीतून येणारं पाणी बंद करणाऱ्या छोट्या कॉकना), मिक्सरच्या (गरम-थंड पाण्याच्या एकत्र नळाच्या) बुडाशी दगडाच्या खालून, बेसिन आणि दगडाच्या सांध्याला चहूबाजूंनी आणि मागच्या भिंतीलगत लावा. बोटाला न जाणवणारी ओल या कागदाला जाणवते. एक थेंब पडला तरी करडा ठिपका उठतो आणि तो कडेकडेने पसरताना दिसतो.

अँगल कॉकचा किंवा कनेक्शन पाइपचा कागद पाणी न वापरताच भिजला, तर शोध तिथेच संपला. वायसर बदला. कागद कोरडे राहिले तर पाणी एकेका टप्प्याने सोडा आणि प्रत्येक टप्प्यानंतर पंधरा-वीस मिनिटं थांबा.

पहिल्यांदा बूच लावून बेसिन ओव्हरफ्लोच्या (काठाजवळ जादा पाणी जाणाऱ्या भोकाच्या) दोन बोटं खालपर्यंत भरा आणि अर्धा तास तसंच ठेवा. कपलिंगचा वरचा कागद भिजला तर वायसर कडक झालंय किंवा वाकडं बसलंय. मग बूच काढून सगळं पाणी एकदम सोडा. ट्रॅपचे चेकनट गळत असतील तर याच वेळी कळतं, कारण एरवी त्या जोडांवर एवढं पाणी येतच नाही. नंतर बेसिन ओव्हरफ्लोपर्यंत भरून वरून पाणी वाहू द्या. शेवटी वाटीने पाणी घेऊन ते आधी मिक्सरच्या बुडाभोवती, मग भिंतीच्या सांध्यात आणि सर्वांत शेवटी बेसिनच्या काठावर सोडा. हा क्रम बदलू नका. बेसिनच्या काठावर आधी पाणी ओतलं तर ते दगडाच्या पोटाला धरून मागे पळतं आणि भिंतीचा सांधा गळतोय असा भास होतो.

चिरा आणि डाग काय सांगतात

समोरच्या काठाला समांतर, बेसिनसमोरच्या पट्टीवरून जाणारी चीर आणि तिच्या कडेला तपकिरी छटा: ही गंजाची चीर आहे. अरुंद पट्टीला बळ मिळावं म्हणून दगडाच्या खाली खाच पाडून लोखंडी सळी इपॉक्सीने बसवलेली असते. पाणी पोचलं की सळी गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि दगड आतून फाकतो. या चिरेत वरून काहीही भरलं तरी ती पुन्हा उघडते. इथे दगड बदलण्याला पर्याय नाही.

बेसिनच्या कटआउटच्या (बेसिनसाठी दगडात कापलेल्या भोकाच्या) कोपऱ्यातून तिरकी निघालेली चीर कटिंगच्या वेळचीच असते. कोपरा गोल न ठेवता काटकोनात कापला, किंवा ब्लेड कोपऱ्याच्या पुढे गेलं, की तिथे सगळा ताण एकवटतो. खालून आरशाने किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने पाहिलंत तर कोपऱ्याच्या पुढे गेलेली ब्लेडची बारीक खाच दिसते, आणि चीर बरोबर तिथूनच सुरू झालेली असते.

नळाच्या भोकापासून निघालेली चीर म्हणजे चेकनट जास्त आवळलं गेलं किंवा रबरी वायसरशिवाय धातूच दगडावर घासला. काउंटरच्या मधोमध आडवी, पुढून मागे जाणारी चीर असेल तर बैठक खचली आहे. अशा काउंटरवर बोटाच्या पेराने टकटक करत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जा. भरीव ठिकाणी आवाज बसका येतो, पोकळ ठिकाणी खणखणीत. चीर बहुधा या दोन आवाजांच्या सीमेवरच सापडते.

मिक्सरभोवती संगमरवर गडद दिसतोय आणि दोन-तीन दिवस नळ न वापरल्यावर उजळतो, तर ते मुरलेलं पाणी आहे. उजळत नसेल आणि डागाला तेलकट कडा असेल, तर नळाखाली तेलयुक्त पुट्टी वापरली आहे. संगमरवरावरचे पांढुरके, निस्तेज ठसे मात्र डाग नसतात. आम्लयुक्त क्लीनरने तिथला पृष्ठभाग खाल्लेला असतो. ते घोटून काढता येतात, त्यासाठी काउंटर उचलायची गरज नाही.

दगड न काढता भागेल का

दगड हलत नाही, चीर नाही, बैठक कोरडी आणि कडक आहे, फक्त भिंतीच्या किंवा बेसिनच्या सांध्यातून पाणी येतंय, असं असेल तर फक्त सांधा नव्याने करा. पण खरोखर नव्याने. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन चिकटत नाही. वरून मारलेली नवी रेघ छान दिसते आणि पाणी तिच्या खालून जात राहतं. वारंवार गळण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे या सांध्यात भरलेलं व्हाइट सिमेंट किंवा ग्राउट. भिंत आणि काउंटर वेगवेगळे हलतात, कडक माल त्या हालचालीला साथ देऊ शकत नाही आणि भेग पडते. भिंत आणि आडवा दगड जिथे भेटतात तिथे लवचिक मालच हवा.

फुगलेला प्लाय, भुसभुशीत झालेला पार्टिकल बोर्ड, गंजलेले ब्रॅकेट किंवा वर सांगितलेल्या चिरांपैकी काहीही असेल तर मात्र काउंटर उचलावाच लागेल.

काढण्याआधी: वजन, धूळ आणि जोडीदार

ग्रॅनाईट किंवा संगमरवराच्या २० मिमी जाडीच्या दगडाचं वजन दर चौरस मीटरला साधारण ५४ किलो, ३० मिमी जाडी असेल तर ८० किलो. १२०० × ५५० मिमीचा, २० मिमी जाड काउंटर म्हणजे ३५ किलोच्या आसपास. बेसिनचं भोक वजा केलं तर २८. त्याखाली अडकलेलं सिरॅमिक बेसिन आणखी आठ-बारा किलोंचं. एकट्याने उचलण्याचं हे काम नाही, आणि प्रश्न फक्त ताकदीचा नाही. एक टोक आधी वर गेलं तर दगडाला पीळ बसतो आणि बेसिनजवळची पट्टी तुटते.

ग्राइंडर लावणार असाल तर धुळीचा विचार आधी करा. ग्रॅनाईटमध्ये स्फटिकी सिलिका भरपूर असते आणि कारखान्यात बनवलेल्या क्वार्ट्झ दगडात तर अनेकदा ९० टक्क्यांच्या वर. कोरडं कापल्यावर उडणारी बारीक भुकटी फुप्फुसात कायमची बसते, तिनेच सिलिकोसिस होतो. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाचे काउंटर बनवणं, पुरवणं आणि बसवणं यावर बंदी आणली ती याच कारणासाठी. तोंडाला रुमाल बांधून काही उपयोग नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा मास्क, डोळ्यांना चष्मा, आणि एकाने ब्लेडवर बाटलीने सतत पाण्याची धार धरायची. ग्राइंडरची वायर पाण्यापासून लांब ठेवा आणि तो शॉकपासून संरक्षण देणाऱ्या ब्रेकरवरच चालवा. ही तयारी नसेल तर बाथरूममध्ये काहीही कापू नका, त्यासाठी दगड कापणारा माणूस बोलवा.

प्लंबिंग सोडवताना

अँगल कॉक बंद करून नळ उघडा. पाणी थेंब-थेंब येतच राहिलं तर कॉक धरत नाही, मग वरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. ट्रॅपखाली टब ठेवून बॉटल ट्रॅपची वाटी हाताने फिरवून काढा. त्यात पाणी असतंच. भिंतीतल्या ड्रेनच्या तोंडात फडकं कोंबा: वास थांबतो आणि दगडाची कपची, वायसर, स्क्रू आत जात नाहीत. कनेक्शन पाइप सोडताना अँगल कॉक दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर कॉकच भिंतीत फिरतो आणि भिंतीतला जोड गळायला लागतो. मिक्सरचं नट उंच आणि अडचणीत असतं. त्याला लांब दांड्याचा बेसिन पाना लागतो, पोपटपान्याने तिथे फक्त बोटं सोलतात.

कनेक्शन पाइप आणि वायसर पुन्हा वापरू नका. एकदा दबलेलं रबर दुसऱ्यांदा तसंच बसत नाही.

सिलिकॉन कापणं

भिंतीचे टाइल्स काउंटर बसवल्यानंतर लावले असतील तर त्यांची खालची कड दगडावर टेकलेली असते. सांधा न कापता काउंटर उचलला की टाइल सुटून येते. म्हणून कटरचं नवं ब्लेड घ्या आणि सांध्याच्या दोन्ही कडांनी दोन-दोनदा फिरवा, एकदा दगडाच्या बाजूने, एकदा टाइलच्या बाजूने. मधली पट्टी ओढून काढा. उरलेलं पुट्टीच्या पत्र्याने खरवडा, शेवटचा थर सिलिकॉन काढायच्या द्रावणाने. हे द्रावण संगमरवरावर लावायच्या आधी एका लपलेल्या कोपऱ्यात लावून बघा.

मागे उभी दगडी पट्टी असेल तर आधी तीच काढायची. वरच्या टोकाला पुट्टीचा पातळ पत्रा सरकवून हलके ठोके मारा आणि एक पत्रा तिथेच ठेवून शेजारी दुसरा घाला. पहारीने उचकटलं तर पट्टी सुटते खरी, पण मागचं प्लास्टर घेऊनच.

काउंटर कसा बसवलाय, त्यावर काढणं अवलंबून

कपाटावर ठेवलेला काउंटर सर्वांत सोपा. खाली आडवं होऊन टॉर्चने बघा: कोपऱ्यातल्या ठोकळ्यांतून वर गेलेले स्क्रू असतील तर सोडवा. मग समोरच्या कोपऱ्यापासून दगड आणि कपाट यांच्यामध्ये पुट्टीचा पत्रा ठोका आणि दर २० ते ३० सेंमीवर प्लास्टिकची पाचर हलकी बसवत जा. सगळ्या पाचरी थोड्या थोड्या ठोकत पुढे जायचं. एकच पाचर पूर्ण ठोकू नका. सिलिकॉन लगेच सुटत नाही, ताणाखाली हळूहळू फाटतं, म्हणून एका फेरीनंतर दहा मिनिटं थांबा. पिवळसर, काचेसारखा कडक माल दिसला तर तो इपॉक्सी आहे. त्यावर हीट गन मारायचा मोह आवरा. एकाच जागी तापलेला दगड चिरतो आणि क्वार्ट्झमधलं रेझिन पिवळं पडतं.

बेसिन परत वापरायचं असेल तर ते आधी सोडवा. बेसिनच्या पोटाखाली दोन आडव्या फळ्या आणि टेकू द्या, क्लिप काढा, आणि बारीक स्टीलची तार दोन लाकडी मुठींना बांधून काठ आणि दगड यांच्यामधून करवतीसारखी ओढा. टेकू नसताना शेवटचे चार इंच कापले गेले तर बेसिन थेट फरशीवर जातं.

दगड टाकूनच द्यायचा असेल तर तो अख्खा उचलण्याचा अट्टहास कशाला? बेसिनच्या मध्यरेषेवर समोरची पट्टी आणि मागची पट्टी अशा दोन जागी कापा. हे दोन छोटे काप घातले की काउंटरचे दोन तुकडे होतात, प्रत्येक १३-१४ किलोंचा. कापण्याआधी दोन्ही बाजूंना खालून टेकू हवेतच.

सर्वांत त्रासाचा प्रकार: दगडाच्या दोन किंवा तीन बाजू भिंतीत घुसवून प्लास्टरने बंद केलेल्या. असा दगड वर उचलता येत नाही. जोर लावला तर तो भिंतीतले टाइल्स उखडतो. भिंतीपासून ४०-५० मिमी सोडून दगड कापा, मधला भाग बाहेर काढा आणि भिंतीतली उरलेली चिंचोळी पट्टी छन्नीने काढा. छन्नी भिंतीला समांतर धरा, भिंतीच्या दिशेने ठोकू नका. वरच्या टाइलला मास्किंग टेपचे दोन थर लावून ठेवले तर निसटलेल्या ठोक्याने कपची उडण्याची शक्यता कमी होते.

कोणताही अख्खा तुकडा नेताना उभाच धरा, काचेसारखा. बेसिनचं भोक असलेला दगड आडवा नेला की मधे मोडतो. अरुंद पट्टी वरच्या बाजूला ठेवा आणि तिच्यावर एक लाकडी पट्टी क्लॅम्पने आवळून घ्या.

नवी बैठक: इथे घाई नको

जुना दगड निघाल्यावर जी बैठक दिसते तिच्यावरच सगळं ठरतं. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ एकदा फुगला की वाळूनही मूळ जाडीवर येत नाही. काढून टाका. त्याजागी १८ मिमीचा जलरोधक प्लाय लावा आणि त्याच्या कापलेल्या कडांना इपॉक्सी रंगाचे दोन हात द्या. बेसिनच्या भोकाची आतली कड विसरली जाते, आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं. टेबल टॉप (दगडाच्या वर ठेवलेलं) बेसिन असेल तर वेस्टच्या छोट्या भोकाची कडही तशीच रंगवा.

कपाट नसेल आणि दगड ब्रॅकेटवर असेल तर ब्रॅकेट दगडाच्या खोलीच्या किमान दोन-तृतीयांश लांबीचे हवेत. ५५० मिमी खोलीला ३७० मिमीपेक्षा आखूड चालणार नाहीत. दोन ब्रॅकेटमध्ये ४५० मिमीपेक्षा जास्त अंतर नको, आणि बेसिनच्या दोन्ही बाजूंना एकेक ब्रॅकेट कटआउटपासून ५० मिमीच्या आत आलाच पाहिजे. भिंत पोकळ विटांची असेल तर साधा प्लास्टिक प्लग धरत नाही, तिथे केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का होणारा बोल्ट) वापरा.

मग लेव्हल. एक मीटरची सरळ पट्टी बैठकीवर उभी-आडवी-तिरपी ठेवून खाली उजेड धरा. जिथे दीड-दोन मिमीपेक्षा जास्त फट दिसते तिथे प्लास्टिकच्या चकत्या द्या. लाकडाच्या कपच्या नकोत, त्या पाणी पिऊन फुगतात. बैठक अगदी लेव्हलमध्ये ठेवा. उतार द्यायचाच असेल तर मागून पुढे बेसिनकडे एक-दीड मिमी पुरे. भिंतीकडे उतार एक मिमीही नको.

माप आणि टेम्प्लेट

भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात, असतात असं धरून चालणं ही महागात पडणारी चूक. दोन भिंतींमधली लांबी मागे, मधे आणि पुढे अशी तीन जागी मोजा. मागच्या कोपऱ्यापासून एका भिंतीवर ६० सेंमी आणि दुसऱ्या भिंतीवर ८० सेंमीवर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर १०० सेंमी आलं तरच कोपरा काटकोनात आहे. एक-दोन मिमीचा फरक सांध्यात जिरतो. त्यापुढे मात्र नुसत्या मापांवर दगड कापायला देऊ नका, ६ मिमी प्लायचं किंवा जाड पुठ्ठ्याचं टेम्प्लेट बनवा. प्रत्येक भिंतीकडे ३ मिमी जागा सोडा.

तीन भिंतींमध्ये बसणाऱ्या काउंटरसाठी आणखी एक माप लागतं. दगड आत घालताना एक टोक वर धरूनच उतरवावं लागतं, त्यामुळे वर ३० सेंमीवरही भिंतींमधलं अंतर मोजा. वर टाइलचा जास्तीचा थर असेल आणि जागा खालच्यापेक्षा अरुंद असेल, तर अचूक कापलेला दगडही अडकतो आणि कोपऱ्याची कपची उडते.

दगड कापणाऱ्याला हे सगळं लिहून द्या, तोंडी सांगू नका:

कटआउटच्या आतल्या कोपऱ्यांना किमान १० मिमी त्रिज्येची गोलाई. बेसिनच्या समोर आणि मागे किमान ६० मिमी पट्टी. नळाचं भोक आणि कटआउट यांच्यामध्ये ५० मिमी दगड. एकाच भोकाच्या मिक्सरसाठी भोक ३५ मिमी, पण मिक्सर हाती आल्यावर मोजून मगच सांगा, आणि त्याचा दांडा मागे झुकवल्यावर भिंतीला किंवा मागच्या पट्टीला लागत नाही हे बघा. अरुंद पट्टीखाली सळी घालायची असेल तर स्टेनलेस किंवा ग्लास फायबरची, साधी लोखंडी अजिबात नको. अंडर काउंटर (दगडाच्या खालून लावलेलं) बेसिन असेल तर कटआउटची आतली कड घोटून पॉलिश करून हवी.

आणि पाणकट. काउंटरच्या समोरच्या काठाच्या खाली, काठापासून १५-२० मिमी आत, ६ मिमी रुंद आणि ३-४ मिमी खोल अशी सलग खाच. तिच्याशिवाय काठावरून ओघळलेलं पाणी दगडाच्या पोटाला चिकटून मागे सरकतं आणि कपाटाच्या दारांवर, प्लायच्या कडेवर उतरतं. खाच असली की थेंब तिथे थांबतो आणि खाली पडतो. त्यासाठी काउंटर कपाटाच्या दारांच्या पुढे किमान २५ मिमी आलेला हवा. काठाखाली जाडीसाठी दुसरी पट्टी चिकटवणार असाल तर खाच त्या पट्टीच्या खालच्या बाजूला पाडा.

बसवणं

आधी कोरडा बसवून बघा. सिलिकॉन न लावता दगड ठेवा, चारही कोपरे दाबा. कुठेही डुगडुगला तर चकत्या पुन्हा लावा. नळाची भोकं आणि ड्रेन समोरासमोर येतात का, ट्रॅप वाकडा न करता बसतो का, हे याच वेळी तपासा. यात समाधान झालं की दगड उचलून दोन्ही पृष्ठभाग कोरडे पुसा आणि स्पिरिटने धूळ काढा.

सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचं, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारं हवं, शक्यतो नैसर्गिक दगडासाठी म्हणून मिळतं ते. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारं नेहमीचं सिलिकॉन सुकताना अॅसिटिक आम्ल सोडतं. ते संगमरवराला खातं, धातूला गंजवतं, आणि साध्या सिलिकॉनमधलं तेल दगडात मुरून सांध्याच्या कडेने कायमची गडद पट्टी पडते. फिकट संगमरवराखाली करडं सिमेंट किंवा गडद चिकटवण वापरलं तरी तो रंग वर दिसतो. बैठक विटा-सिमेंटची असेल तर पांढरं टाइल अॅडेसिव्ह वापरा.

बैठकीच्या कडेपासून ३०-४० मिमी आत, दर २० सेंमीवर एक रुपयाच्या नाण्याएवढा सिलिकॉनचा ठिपका द्या. सलग रेघ मारू नका: सिलिकॉन हवेतल्या दमटपणाने बाहेरून आत सुकतं, साधारण दिवसाला २-३ मिमी, आणि बंदिस्त जागेत ते आठवडाभर ओलंच राहतं. शिवाय पुढे कधी काढायची वेळ आली तर ठिपके सुटतात, सलग थर सुटत नाही.

अंडर काउंटर बेसिन बसवण्याची सर्वांत बिनचूक वेळ म्हणजे दगड उलटा ठेवलेला असताना. दोन घोडींवर फोम टाकून दगड पालथा ठेवा, बेसिनच्या काठावर ८ मिमी जाडीची सलग रेघ मारा, मधे कुठेही न तोडता, बेसिन मध्यावर आणून दाबा आणि क्लिप लावा. चार क्लिप किमान, सहा उत्तम. क्लिपच्या अँकरसाठी २० मिमी दगडात १० मिमीपेक्षा खोल भोक पाडू नका. फक्त सिलिकॉनवर बेसिन लटकवणं हे झुकलेल्या बेसिनचं ठरलेलं कारण आहे. भरलेल्या बेसिनमध्ये दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो जास्तीचं वजन, तेही रोज कमी-जास्त होणारं. क्लिपबरोबर बेसिनच्या पोटाखाली कपाटाला पक्की केलेली एक आडवी पट्टी द्याच. अशा जोडणीला २४ तास हलवू नका.

दगड जागेवर उतरला की भिंतीच्या ३ मिमी फटीत धूळ राहिली नाही हे बघा, फटीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा आणि सिलिकॉन एका ओघात भरा. नळीचं नोझल फटीपेक्षा किंचित रुंद, ४५ अंशात कापा आणि नळी पुढे ढकलत चला, म्हणजे माल आत जातो. ओढत आणलं तर वर फक्त साय बसते. फट कुठे ६ मिमीपेक्षा मोठी असेल तर आधी फोमची दोरी कोंबा. ओल्या बोटाने किंवा चमच्याच्या पाठीने एकदाच घोटा आणि साय धरण्याआधी, म्हणजे पाच-सात मिनिटांत, टेप काढा. अशा एका काउंटरला २८०-३०० मिलीची एक नळी पुरते, तरी दुसरी हाताशी ठेवा. अर्ध्या रेघेत माल संपला की तिथे जोड पडतो, आणि पाणी पहिल्यांदा त्याच जोडातून जातं.

२४ तास पाणी नको. त्यानंतर मिक्सर रबरी वायसरसकट बसवा. हाताने पूर्ण आवळून मग पान्याने पाव ते अर्धा फेरा, त्यापुढे नाही. वेस्ट कपलिंगलाही तेल असलेली पुट्टी लावू नका, त्याचं रबर आणि गरज असेल तिथे न्यूट्रल सिलिकॉन पुरतं.

संगमरवर किंवा ग्रॅनाईट असेल तर वापर सुरू करण्याआधी पाण्याचा थेंब टाकून दहा मिनिटं बघा. थेंबाखालचा दगड गडद झाला तर आत मुरणारा सीलर हवा. दगड पूर्ण कोरडा असताना, बाटलीवर लिहिलेल्या वेळेनुसार लावा आणि वर राहिलेला सीलर पुसून घ्या. वाळलेला थर चिकट डागासारखा दिसतो आणि काढायला फार कष्ट पडतात. क्वार्ट्झला याची गरज नाही. बसवणाऱ्याने नळाचं भोक आणि कटआउटची कड सीलरने पुसली का, हे विचारा. ती कच्ची कड पॉलिश केलेल्या भागापेक्षा कितीतरी जास्त पाणी पिते.

पहिल्या महिन्यात

नवं काम झालं की तेच टिश्यू पेपर पुन्हा लावा आणि तेच टप्पे त्याच क्रमाने करा. पहिल्या दिवशी ट्रॅपच्या चेकनटला एखादा ठिपका दिसला तर घाबरायचं कारण नाही, हाताने थोडं आवळलं की थांबतो. बेसिनच्या काठाखालचा कागद भिजला तर मात्र वरून काही लावू नका. रेघ कुठेतरी तुटली आहे. टेकू द्या, तेवढा भाग तारेने कापा, दोन्ही बाजू स्पिरिटने साफ करा आणि तिथे नव्याने भरा.

भिंतीचा सांधा आठवड्याभरात एका टोकाला सुटलेला दिसला तर बैठक अजून हलतेय. काउंटरच्या त्या टोकावर तळहात दाबून फटीकडे बघा. फट उघडझाप करत असेल तर त्या बाजूच्या चकत्या निसटल्या आहेत किंवा ब्रॅकेटचा अँकर ढिला आहे. सांधा भरण्याआधी ते टोक घट्ट करा.